नऊ महिने, दोन फुटी टाकी आणि जळगावचा मे

दसऱ्याला दोन बाय एक बाय एकची टाकी आणली, पाणी मावतं साधारण ५५ लिटर. मासे आठच, सगळा सोस खऱ्या झाडांचा. आई पारोळ्याकडची. तिने बघितलं आणि म्हणाली, "हाई गवत पाणीमा कसाले ठेवं रे?"

पहिल्या महिन्यात तिचंच खरं ठरणार असं वाटत होतं. दुकानातून आणलेल्या क्रिप्टोकोरीनची पानं आठवड्यात काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. मी उपटायला हात घातला, पण मुळं घट्ट होती म्हणून तशीच ठेवली. तीन आठवड्यांनी तिथूनच नवी पानं फुटली. या वनस्पती बरेचदा पाण्याबाहेर वाढवून विकतात, त्यामुळे जुनी पानं पाण्यात टिकत नाहीत. हे दुकानदाराने विकतानाच सांगायला काय हरकत होती? अनुबियासचा जाड कंद वाळूत पुरला तो मात्र माझा गाढवपणा. तो सडला, वासही सुटला. दुसरा आणला तो दोऱ्याने दगडाला बांधला. तो मस्त आहे.

आणखी एक शहाणपण केलं होतं. वाळूखाली कपाशीच्या शेतातली काळी माती घातली. एक झाड हलवायला गेलो आणि टाकीत गिरणेचा पूर आला. सगळं उपसून पुन्हा मांडावं लागलं.

पण खरी परीक्षा मे महिन्यात. बाहेर ४४, टाकीतलं पाणी ३३. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. चिलरची, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राची, किंमत ऐकूनच परत आलो. शेवटी टेबलावरचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावला. तत्त्व आपल्या कूलरचंच, आणि आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी ३० वर आलं. लाइट गेली की पुन्हा चढायचं, ते वेगळं.

याची किंमत अशी की रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं. सुरुवातीला मी तेवढं बोअरचंच ओतत गेलो. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, हे डोक्यातच आलं नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ६५० चा आकडा महिनाभरात ९०० च्या वर गेला, काचेवर पांढरी रेघ बसली आणि रोटाला नावाच्या झाडाचे शेंडे आखडले. आता उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गाळलेलं पाणी घालतो. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं नाही बरं का, त्यात क्षार उलट जास्त असतात.

या सगळ्यात लांब पट्टीसारख्या पानांची एकटी व्हॅलिसनेरिया ढिम्म. जड पाणी तिला मानवतं. आणल्या होत्या पाच काड्या, आता मागची काच दिसत नाही. आपल्याकडे नवीन माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी. रोटाला मी पुन्हा आणणार नाही. झाडांना कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून आणलेल्या सीओटूच्या गोळ्यांवर घातलेले पैसे पाण्यात गेले, शब्दशः.

दिवा आधी दहा तास चालायचा, काच हिरव्या ठिपक्यांनी भरली. आता टायमरवर संध्याकाळी पाच ते अकरा. ठिपके थांबले. अनुबियासच्या पानांच्या कडेचं काळं केसाळ शेवाळ मात्र अजून गेलेलं नाही. दर रविवारी एक-दोन पानं कापतो, पुढच्या रविवारी ते दुसऱ्या पानावर हजर.