स्पॅनिश: आधी मालिका की आधी वही?

सोलापुरात पूर्व भागातली पोरं तेलुगू कुठल्या पुस्तकातून शिकत नाहीत, गल्लीत कानावर पडून शिकतात. स्पॅनिशला अशी गल्ली इथं नाही. ती जागा मी 'देस्तिनोस' या 1992 च्या शैक्षणिक मालिकेला दिली. 52 भाग, प्रत्येक अर्ध्या तासाचा. राकेल ही वकील एका म्हाताऱ्याच्या जुन्या पत्राचा माग काढत स्पेन, अर्जेंटिना, पोर्तो रिको, मेक्सिको फिरते आणि भागाच्या शेवटी काय घडलं ते सावकाश सांगते. तो शेवट मी दोनदा ऐकते. तिथंच कान तयार होतो.

पण नुसतं पाहिलं की सगळं समजल्यासारखं वाटतं आणि तोंड उघडलं की गाडी अडते. तिथं सरावाची वही हवीच. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. रचना थेट आपलीच! इंग्रजीतून विचार करणारा इथं हमखास अडखळतो. अनेकवचनी 'गुस्तान', जसं आपलं 'आवडतात'. हे मला रिकाम्या जागा भरतानाच लख्ख दिसलं. 'सेर' आणि 'एस्तार' मात्र दोन्ही 'असणं'च. त्यांना घोटण्याशिवाय इलाज नाही.

एकच निवडायचं तर मी मालिका निवडेन. वही एकटी असली की आठवड्यात कपाटात जाते. दोन्ही जमत असेल तर आधी भाग बघा, वही दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा. रात्रीचं किती उरलंय ते लगेच कळतं.