गोल आखायचाय? आधी मध्य कुठे पडतो ते बघा

झाडाला पार, बंगल्यापुढचं लॉन, वळणदार कंपाउंड किंवा विहिरीचा कठडा, काहीही काढलं की माणूस आधी मोबाइलवर सूत्र शोधतो. सूत्रं शाळेतलीच आहेत. परिघ काढायला व्यास गुणिले पाय (π, साधारण 3.14), क्षेत्रफळाला त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय. घोळ होतो तो जागेवर, आणि तिथे एकच गोष्ट बघायची: मध्यबिंदूवर खुंटी ठोकता येतेय का? पद्धत त्यावरून ठरते.

येत असेल तर दोरी-खुंटीला तोड नाही. सळईचा तुकडा ठोका, त्रिज्येएवढी दोरी घ्या, दुसऱ्या टोकाला फक्की (आखणीची पांढरी पूड), आणि फिरा. तरीही निघालो तिथे गोल परत येऊन मिळत नाही, ही फजिती मी याच पद्धतीत सर्वांत जास्त पाहिली आहे. नायलॉनची दोरी ताणते, हे एक कारण. दुसरं जास्त गमतीचं: दोरी खुंटीला करकचून बांधली, तर फिरता फिरता ती खुंटीभोवती गुंडाळत जाते. 25 मिलिमीटरच्या सळईभोवती एक वेढा म्हणजे त्रिज्या जवळजवळ 8 सेंटिमीटरने कमी. म्हणून बाइंडिंग वायर घ्यावी आणि सळईवर सैल कडी करून अडकवावी. जागा उताराची असेल तर तार जमिनीला टेकवून फिरवू नका. ती पातळीत धरा आणि टोकाला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) सोडा, नाहीतर वरून पाहिलं की गोलाचा लंबगोल झालेला दिसतो.

पाराच्या बाबतीत मध्यावर झाडच उभं असतं. इथे बहुतेक जण बुंध्याला टेप गुंडाळतात. समजा घेर 220 सेंटिमीटर भरला, तर बुंध्याची त्रिज्या 35 सेंटिमीटर. पार 2.5 मीटर त्रिज्येचा हवा असेल तर सालीपासून 2.15 मीटर बाहेर खुणा करत जायचं. घेर मोजण्यात 3 सेंटिमीटर चुकले तरी व्यासात चूक जेमतेम एका सेंटिमीटरची, हा मोठा फायदा. नारळ, सुपारी किंवा सरळसोट अशोकाला हे ठीक आहे. वड-पिंपळाला मात्र मी ही पद्धत वापरणार नाही. बुंधा इतका वेडावाकडा असतो की पारही त्याच्यासारखाच होतो.

त्याऐवजी झाडाभोवती आधी चौकोन आखा. 2.5 मीटर त्रिज्येसाठी 5 मीटर बाजूचा. मध्ये झाड असल्यामुळे कर्ण मोजून ताळा घेता येत नाही, तेव्हा चारही कोपरे 3-4-5 ने (एका बाजूवर 3, दुसरीवर 4, तर तिरपं अंतर 5) काटकोनात आणा. मग प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर त्रिज्येच्या 0.586 पट, म्हणजे इथे 1.46 मीटरवर खूण करा आणि खुणा जोडून कोपरे छाटा. तयार झाला अष्टकोन. त्याच्या आठही बाजूंच्या बरोबर मध्याला वर्तुळ टेकतं. एवढे आठ बिंदू मिळाले की चांगला गवंडी नजरेनेच गोलाई काढतो. वेळ दुप्पट जातो, पण पार गोल होतो. (आणि बुंध्याला चिकटून भर घालू नका. साल कुजते. आतून मीटरभर तरी माती मोकळी ठेवा.)

जुन्या विहिरीच्या मध्यावर तर नुसती हवा. लोक तिथेही घेर मोजून भागाकार करतात आणि कठड्याची जाडी दोनदा वजा करायला विसरतात. सरळ आरपार टेप धरावा. टेप मध्यातून जाईल की नाही याची धास्ती नको. 5 मीटर व्यासाच्या विहिरीत टेप मध्यापासून 10 सेंटिमीटर बाजूला गेला तरी माप फक्त 4 मिलिमीटरने कमी भरतं. दोन-तीन जागी धरा आणि सर्वांत मोठं माप घ्या.

खरी परीक्षा वळणदार भिंतीची, कारण तिचा मध्यबिंदू बहुधा शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये पडतो. इथे जीवा आणि कंसाची उंची कामाला येते. दोन टोकांमध्ये सुतळी ताणा, ती जीवा. तिच्या मध्यापासून वळणापर्यंतचं अंतर ही उंची. जीवेचा वर्ग भागिले आठ पट उंची, त्यात उंचीचा अर्धा भाग मिळवा, की त्रिज्या आली. जीवा 6 मीटर, उंची 50 सेंटिमीटर, तर त्रिज्या 9.25 मीटर. हिशेब देखणा आहे, पण पद्धत नाजूक. उंची चुकून 52 वाचलीत तर त्रिज्या 8.91 येते, म्हणजे 34 सेंटिमीटरचा फरक. त्याच वळणावर 3 मीटरचीच जीवा घेतलीत तर उंची 12 सेंटिमीटरच भरते, आणि तीच 2 सेंटिमीटरची चूक त्रिज्येत सव्वा मीटरहून जास्त पडते. तेव्हा सुतळी जागा देईल तेवढी लांब ताणा. नवीन वळण आखताना मात्र त्रिज्या काढायचीही गरज नाही. जीवा अर्धी केली की उंची साधारण पाव होते: 50 ची साडेबारा, तिची तीन. प्रत्येक नव्या जीवेच्या मध्यावर तेवढी उंची घेऊन खुणा करत जा.

मोबाइलवर जमीन मोजायची ॲप एकरांसाठी बरी. जीपीएसची चूकच काही मीटरची असते, तिथे 5 मीटरचा पार कसा मोजणार? टोटल स्टेशनवाला (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र असलेला सर्व्हेअर) बोलवायचा तो मोठ्या कामाला.

पाय 22/7 घ्यायचा की 3.14, यावर साइटवर वाद घालणारेही भेटतात. 5 मीटर व्यासावर पहिल्याने परिघ 6 मिलिमीटर जास्त येतो, दुसऱ्याने 8 मिलिमीटर कमी. फक्कीची रेघ याहून जाड असते. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत सूक्ष्म हिशेबाला 3927/1250 दिला आणि 22/7 ला व्यवहारयोग्य म्हटलं. आपला व्यवहारच आहे.

पैसे बुडतात ते माल मागवताना. ड्रॉइंगवर व्यास लिहिलेला असतो, तोच त्रिज्या समजून वर्ग केला की माल चौपट. कट्ट्यासारखं कडं असेल तर मोठ्या वर्तुळातून लहान वजा करण्यापेक्षा कड्याच्या मधल्या रेषेचा परिघ काढून रुंदीने गुणा. उत्तर अगदी तेच येतं. बाहेरची त्रिज्या 2.5, आतली 1.9 मीटर, तर मधली 2.2. परिघ 13.8 मीटर, रुंदी 60 सेंटिमीटर, म्हणजे 8.3 चौरस मीटर. 45 सेंटिमीटर उंचीला सव्वा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडं वर काम. आणि फुटांत मोजत असाल, तर 8 फूट 3 इंच कॅल्क्युलेटरवर 8.25 असे दाबा, 8.3 नव्हे.