साधं सिस्प्लॅटिन की नॅनोकणातलं औषध?

गालात माव्याचा तोबरा भरलेला माणूस सोलापुरात चौकाचौकात दिसतो. तोंडाचा कॅन्सर इथल्या घरांना नवा नाही. रेडिएशनबरोबर सहसा सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देतात. अमेरिकेत १९७८ साली मंजूर झालेलं, स्वस्त, गुणदोष ठाऊक असलेलं. पण ते अख्ख्या अंगात फिरतं: उलट्या, मूत्रपिंडावर ताण, कानात सतत शिट्टी. म्हणूनच डोसच्या आधी-नंतर सलाईनच्या बाटल्या चढवतात, मूत्रपिंड नीट चालतंय का हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात.

नॅनोकणात औषध शंभरेक नॅनोमीटरच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पुडीत बांधलेलं असतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. तिथून कण आत झिरपावेत, औषध हळूहळू सुटावं आणि मूत्रपिंड वाचावं, ही अपेक्षा. प्रत्यक्षात बरेच कण यकृत आणि प्लीहाच अडवतात. उंदराच्या गाठीत जमतं ते माणसात तितकं जमत नाही, हे तर नेहमीचंच. नॅनोकणातल्या पॅक्लिटॅक्सेलला (हे केमोचं दुसरं औषध) अमेरिकेत २००५ मध्ये मंजुरी मिळाली, तीही स्तनाच्या कॅन्सरसाठी.

मला विचाराल तर आज सिस्प्लॅटिनच. किडनी किंवा कान आधीच कमजोर असतील तर डॉक्टरांशी दुसऱ्या औषधाचं बोलून घ्या. ‘साइड इफेक्टच नाहीत’ म्हणून कुणी नॅनोचं औषध गळ्यात मारत असेल, तर ते मंजूर आहे की अजून चाचणीत, एवढं आधी विचारा.