डिस्काउंट दुकानातला किराणा, आठ महिन्यांनंतर: काय परवडलं आणि कशात पोरकिडे झाले

मार्चपासूनची सगळी बिलं मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवली होती, दिवाळीच्या साफसफाईत आईने तो डबा रद्दीवाल्याला द्यायला काढला म्हणून हातात आला आणि मग दुपारभर बसून बेरीज मारली. तेच लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन वाचा.

आधी आमचं सांगतो म्हणजे हिशोब कळेल. भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या बाजूला वन आरके, मी आणि धाकटा भाऊ, आई गावाहून येऊनजाऊन असते. फेब्रुवारीपर्यंत दुपारी ऑफिसात खानावळीचा डबा आणि रात्री कायतरी मागवायचं असं चालू होतं. डब्याचे पैसे वाढले, वर भावाला ॲसिडिटी, तेव्हा ठरवलं की घरी साधं करून खायचं. डाळ, भात, उसळ, पिठलं, पोहे, बस. आणि सामान वाण्याकडून न घेता डिस्काउंटवाल्या मोठ्या दुकानातून महिन्याचं एकदम भरायचं. कांजूर ते मुलुंड पट्ट्यात तीन दुकानं फिरलो. नावं लिहीत नाही, कारण तिघांचं चांगलं-वाईट थोड्याफार फरकाने सारखंच आहे.

पहिल्या महिन्यात पोहे, तांदूळ, दोन डाळी, तेल आणि साखर आणायला गेलो होतो आणि बिल झालं 3,800. पैकी खरं सामान चौदाशेचं. बाकी चॉकलेटवाले फ्लेक्स, मेयोनीज, तीनच्या भावात चार पास्ता, एक प्लास्टिकचा डबा सेट (सामान ठेवायला लागणारच ना म्हणून), फ्रोझन कटलेट, आणि एक झाडू. झाडू अजून वापरतोय तेवढं एक बरं. मेयोनीज जूनमध्ये एक्स्पायर झालं, सील पण फोडलं नव्हतं. पास्त्याच्या चार पाकिटांतलं एक अजून माळ्यावर आहे, आई त्याला "ते नळीचं" म्हणते.

आता बेरजेत काय निघालं ते ऐका. आम्ही खरोखर खातो अशा अकरा वस्तूंची यादी घेऊन मी गल्लीतल्या वाण्याकडे गेलो आणि त्याचे भाव लिहून घेतले. तो हसला पण भाव दिले. त्या अकरा वस्तूंवर मोठ्या दुकानात महिन्याला सुमारे अडीचशे रुपये वाचतात. त्यातून जाताना शेअर रिक्षा आणि येताना पिशव्या घेऊन अख्खी रिक्षा वजा करा, राहिले दीडशेच्या आसपास. आणि पहिले तीन महिने यादीबाहेरचं जे उचललं ते महिन्याला सरासरी सातशेच्या वर होतं! म्हणजे दीडशे वाचवायला मी सातशे देत होतो, आणि वर सगळ्यांना सांगत फिरत होतो की बघा मी कसा स्वस्तात किराणा भरतो. जूनपासून कागदावर यादी, ट्रॉली नाही, हातातली बास्केट, आणि रविवार सोडून मंगळवारी ऑफिसातून येताना रात्री आठनंतर. तिथून पुढे फायदा सुरू झाला. पोट भरून आणि भाऊ बरोबर न घेता जायचं हे पण आलंच त्यात.

वस्तूंचं बोलू.

मसूर डाळ हा आमच्या घरचा हिरो आहे. तुरीपेक्षा स्वस्त, भिजवायला नको, कुकर नाही लावला तरी उघड्या टोपात वीस मिनिटांत शिजते, गॅस वाचतो तो वेगळा. लसूण ठेचून फोडणी, दोन आमसुलं, वरून कोथिंबीर असली तर ठीक नसली तर नाही. आधी तूर सोडवत नव्हती म्हणून मी अर्धी तूर अर्धी मसूर असं करत होतो, आईला दोन आठवडे कळलंच नाही आणि कळल्यावर म्हणाली, "वाटलंच मला, वरण पातळ लागत होतं." अख्खा मसूर पण घेतो, तो मात्र तीन-चार तास भिजवतो. सांगली-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा कांदा-लसूण मसाला घालून केला की भाकरी नसली तरी लादी पावाबरोबर मस्त लागतो, आणि लादी पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतूनच, तो काय मोठ्या दुकानातून घ्यायची वस्तू नाही.

सोया वडी. याच्यावर मी सुरुवातीला फार उडलो होतो कारण पाकिटावर 100 ग्रॅमला 52 ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं असतं आणि एवढ्या पैशात एवढं प्रोटीन बाकी कशात मिळणार. पण तो आकडा कोरड्या वडीचा आहे हे डोक्यात ठेवा, भिजवून ती दोन-तीन पट फुगते, म्हणजे ताटात वाटीभर दिसते त्यात कोरडी वडी मूठभरच असते. तरी परवडते. उकळत्या पाण्यात मीठ घालून उकडायची, गार पाण्यात दोनदा धुऊन घट्ट पिळायची, हे पिळणं चुकवलं तर तो ओल्या पुठ्ठ्यासारखा वास जात नाही. मग मिक्सरला एक फेर देऊन खिम्यासारखी. भाऊ जिमला जातो तो आठवड्यातून तीनदा खातो, मी एकदाच, त्यापेक्षा जास्त माझ्याच्याने होत नाही.

पोहे, साखर, चहा पावडर: डोळे झाकून घ्या.

बेसन मात्र डोळे उघडून घ्या. मे महिन्यात एक एकदम स्वस्त पाकीट आणलं, पिठलं केलं तर कच्चट वास, कितीही शिजवा जाईना, आणि भज्यांना रंग वेगळाच. मग चष्मा लावून पाकिटाच्या मागे वाचलं तर घटकांमध्ये चणा डाळीबरोबर पिवळा वाटाणा लिहिलेला. म्हणजे फसवलं असं म्हणता येत नाही, छापलेलं होतं, मीच वाचलं नाही. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने पिवळ्या वाटाण्यावरचं आयात शुल्क काढलं, त्यानंतर तो चण्यापेक्षा बराच स्वस्त पडत होता, मग पिठात जाणारच. आता मागे फक्त "चणा डाळ" एवढंच लिहिलेलं बेसन घेतो नाहीतर आई असली की चणा डाळ नेऊन चक्कीवर दळून आणते, ते तर वेगळंच प्रकरण आहे चवीला.

तेलाची गंमत मला सप्टेंबरमध्ये कळली. शेल्फवर दोन पाउच शेजारी, एक दुसऱ्यापेक्षा अकरा रुपयांनी स्वस्त, दोन्ही दिसायला सारखेच. स्वस्तवालं 750 ग्रॅमचं होतं आणि महागवालं एक लिटर. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, तेल पाण्यापेक्षा हलकं, आता हिशोब करा. एमआरपीच्या जवळपास बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस छापलेली असते, ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे, ती बघायची सवय लावून घ्या. पण एकावर ग्रॅम आणि दुसऱ्यावर मिलिलिटर असेल तर ती पण सरळ लावता येत नाही, मोबाईल काढून भागाकार करावा लागतो आणि मागचा माणूस ट्रॉली पायावर घालतो.

तांदळाचं सांगतो. दर दुसऱ्या गोणीवर वाडा कोलम लिहिलेलं असतं. खरा वाडा कोलम पालघरच्या वाडा तालुक्यातला, त्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, तो एवढ्या स्वस्तात एवढ्या गोण्या भरून कुठून येणार? आम्ही साधा कोलम घेतो, रोजच्या भाताला काही वाईट नाही, नवा असेल तर पाणी कमी घाला नाहीतर गिच्च गोळा होतो. तुकडा तांदूळ किलोभर वेगळा घेतो, तो खिचडीला झकास आणि आई भिजवून वाटून त्याची घावनं काढते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

शेंगदाणे घ्यायचे बंद केले. दोनदा खवट निघाले, एकदा तर पाकिटात काळपट सुरकुतलेले दाणे होते. दमट जागी शेंगदाण्याला बुरशी धरते आणि त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, भाजून ते जात नाही, म्हणून कडू लागला की थुंका, कूट करून पोह्यात लपवू नका. बिल दाखवल्यावर बदलून दिले हे कबूल, पण पाव किलो दाण्यांसाठी परत रिक्षा करून कोण जाणार. ते आता वाण्याकडून, दोन दाणे तोंडात टाकून बघून. मसाले पण तसेच, हळद-मिरची आई गावाहून आणते.

आता पावसाळा. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याचं एकदम भरणं म्हणजे किड्यांना भिशी लावणं आहे. तीन किलो रवा आणला होता, ऑफर होती, दोनवर एक. पंधरा दिवसांत वरच्या थरात जाळी, आत अळ्या, मग पोरकिडे डब्याबाहेर फिरायला लागले आणि शेजारच्या डब्यातल्या डाळीत पण टोके. त्या एका ऑफरने रवा दोन किलो आणि मूग डाळ एक किलो खाल्ली, म्हणजे किड्यांनी खाल्ली. दुकानाची चूक म्हणत नाही, अंडी बऱ्याचदा पाकिटात आधीपासूनच असतात, इथली उष्ण दमट हवा लागली की उबतात. आता रवा आणला की थेट फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवतो, मग बाहेर काढून पाकीट पूर्ण रूम टेम्परेचरला आल्यावरच फोडायचं, नाहीतर आत पाणी सुटतं. आई म्हणते यापेक्षा सरळ भाजून ठेव. तिचं बरोबर आहे, भाजलेला रवा टिकतो आणि सकाळी उपमा पटकन होतो. तूर डाळीला एरंडेल चोळणं पण तिने करून दाखवलं. पूर्वी धान्यात पारदच्या टिकड्या टाकायचे ते मात्र तिने स्वतःच बंद केलंय, पारा आहे तो.

पावसाळ्यात म्हणून पंधरा दिवसांचंच आणायचं ठरवलं, आणि तिथे वाणी जिंकतो. पाव किलो, अर्धा किलो, जेवढं पाहिजे तेवढं. सुटी डाळ-तांदूळ त्याच्याकडे मिळतात, आणि जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद लेबलवाल्या धान्य-डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. तरी मोठं दुकान स्वस्त पडतं कारण ते ढीगभर खरेदी करतात आणि दुकान कसं ठेवतात बघा ना, सजावट नाही, खोकी तशीच शेल्फवर. पण महिनाअखेरीला खिशात शंभर रुपये असताना वहीत लिहून सामान देणारा वाणीच. आणि बाजारात सुका जवळा विकणारी मावशी, तिचं तर नावच काढायला नको. मे अखेर तिच्याकडून घेतलेला जवळा भाजून बरणीत भरला होता, सगळा पावसाळा मसूर आमटी-भात आणि कांद्यात परतलेला जवळा यावर निघाला.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कमी झाला तेव्हा बिस्किटं 18 वरून 5 वर आणि नूडल्स-पास्ता 12 वरून 5 वर आले, त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पाकिटावर जुनी एमआरपी, बिलात कमी किंमत, त्यामुळे काउंटरवर प्रत्येकजण बिलाची पट्टी धरून उभा. माझ्या अकरापैकी मात्र एकही वस्तू त्या यादीत नव्हती. डाळ, पोहे, रवा, टोस्ट जिथल्या तिथे. म्हणजे परत मोह व्हायच्या वस्तूच स्वस्त झाल्या, आणि भाऊ लगेच म्हणतोय की आता पास्ता घेऊया का.

अजून एक. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या काकू मुंबई ग्राहक पंचायतीच्या आहेत. ही 1975 पासूनची संस्था आहे. काही घरं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल एकदम येतो आणि सभासदच आपसात वाटून घेतात. बेरीज दाखवली तर काकू म्हणाल्या, "अरे, तुला दुकानच नको मग, तुला यादी पाहिजे." त्यांच्या संघात एक घर कमी झालंय. पुढच्या महिन्याची यादी पंचवीस तारखेच्या आत द्यायचीय, आईने तिच्या हाताने दहा वस्तू लिहून ठेवल्यात आणि अकरावी टोस्ट की तुकडा तांदूळ यावरून सकाळपासून तिचं आणि भावाचं चालू आहे.