गच्चीवरच्या खांबाला कोणता अँटेना: सेक्टर, डिश की अॅडॅप्टिव्ह?

सांगलीत विश्रामबागेतल्या गच्चीवर खांब उभारून तासगाव बाजूच्या पंधरा-वीस मळ्यांना इंटरनेट द्यायचं डोक्यात असेल, तर आधी गच्चीवर चढून चौफेर बघा. सातारकर अजिंक्यताऱ्याचा डोंगर आडवा येतो म्हणून कुरकुरतात, पण तोच डोंगर पलीकडच्या रेडिओंचा गोंगाटही अडवतो. सांगली सपाट. त्यात 2018 मध्ये वाय-फायवाल्या 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवानामुक्त झाला. दिसेल त्या प्रत्येक खांबाचा आवाज आपल्या रेडिओच्या कानावर येणारच.

90 अंशांचा सेक्टर, म्हणजे वर्तुळाच्या चौथ्या हिश्श्यात सिग्नल पसरवणारा अँटेना, स्वस्त, बसवायला सोपा आणि एकटाच बऱ्याच मळ्यांना पुरतो. पण तो समोर बोलणाऱ्या सगळ्यांचंच ऐकतो. आमच्या खांबावर हे अनुभवलंय. पडद्यावर सिग्नल उणे 58 (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त), हिरवागार, आणि मळ्यावर व्हिडिओ गोल गोल फिरतोय. शेवटी गोंगाटाचा आकडा पाहिला, तर तो उणे 70 वर. मोकळ्या हवेत तो उणे 95 च्या आसपास असायला हवा. सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक, म्हणजे हाताशी उरलं फक्त 12 डेसिबल. सिग्नलच्या हिरव्या पट्टीवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

दोन फुटी डिशचा झोत जेमतेम 6 अंशांचा, म्हणजे पाच किलोमीटरवर अर्धा किलोमीटर रुंद. बाजूचा गोंगाट आपोआप गळतो. एकाच मळ्याला किंवा कारखान्याला जोडायचं असेल तर डोळे झाकून डिश घ्या. वीस मळ्यांना वीस डिश मात्र परवडत नाहीत, आणि खांबही वाकेल.

अॅडॅप्टिव्ह अॅरेत लहान लहान अँटेना साधारण अडीच सेंटीमीटरवर ओळीने बसवलेले असतात. प्रत्येकाच्या सिग्नलला किती वजन द्यायचं आणि त्याची लाट किती मागेपुढे करायची, हे प्रोसेसर सतत ठरवतो. मिरजेत तंबोरा लावणारा तारा जुळवून सूर भरीव करतो. इथे तसाच हवा तो सूर भरीव होतो, आणि नको त्या दिशेचे सूर एकमेकांवर आपटून मरतात. चार अँटेना असतील तर आपल्या मळ्याकडे कान ठेवून जास्तीत जास्त तीन दिशांचा त्रास बंद करता येतो, वर सिग्नलचा जोर जास्तीत जास्त 6 डेसिबलने वाढतो. नवा त्रासदायक खांब उभा राहिला तरी शिडी लावावी लागत नाही. ठरलेल्या दिशांतून एक निवडणारे स्वस्त प्रकारही मिळतात, पण ते झोत फिरवतात, त्रास खोडत नाहीत.

मर्यादा मात्र पक्की आहे. त्रास देणारा खांब तुमच्या मळ्याच्याच रेषेत असेल, तर कुठलाही अॅरे काही करू शकत नाही, चॅनेल बदला. शिवाय प्रत्येक अँटेनामागे वेगळा रिसीव्हर, म्हणून किंमत आणि वीज दोन्ही जास्त. लाइट गेल्यावर बॅटरी किती वेळ ओढेल, ते आधी मोजा.

खोक्यावरच्या ‘बीमफॉर्मिंग’ शब्दाला भुलू नका. बरीच यंत्रं पाठवतानाच झोत वळवतात. येणारा गोंगाट दाबणं वेगळं काम आहे. विक्रेत्याला नेमकं हेच विचारा.

माझ्या मते पाच-सहाच मळे एकाच बाजूला असतील तर अरुंद सेक्टर आणि मळ्यांवर डिश पुरे. चारी बाजूंना गिऱ्हाईक आणि चारी बाजूंना खांब असतील, तर मधल्या खांबावर अॅरेचे पैसे वसूल होतात. घेण्याआधी आठवडाभर चाचणीला मागा, आणि आकडे सकाळी अकराला नाही, रात्री नऊला बघा.