'मीठ लागत नाही' म्हणणाऱ्या सॉफ्टनरवाल्यापासून सावध राहा, माझे 73,500 गेले

ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आहे, बाथरूममध्ये पिवळे डाग पडतायत आणि शॉवरला धार नाही, त्यांनी हे नीट वाचा, कारण सॉफ्टनर (पाण्याचा कडकपणा कमी करणारं मशीन) विकणारी असली माणसं बरोबर अशीच घरं शोधून येतात. माझे 73,500 रुपये गेले. 40,000 ॲडव्हान्स मोबाइलवरून, 28,500 काम झाल्यावर रोख, आणि नंतर अजून 5,000, त्याचं पुढे सांगतो.

आधी एक सांगतो, पाण्याचा त्रास खरा होता, मी काही हौस म्हणून मशीन घेतलेलं नाही. आमच्या विहिरीचं पाणी काढल्या काढल्या नितळ दिसतं, पण बादलीत रात्रभर ठेवलं की सकाळी पिवळट होतं आणि तळाला तांबडा गाळ बसतो. पांढरे कपडे सगळे तांबूस झालेत, गिझरची कॉइल जाते, साबणाला फेस येत नाही. वरच्या टाकीतून येणारी धार इतकी बारीक की आईला आंघोळीला बादली भरायला ताटकळत बसावं लागायचं. अशा घरात कोणी सोल्यूशन घेऊन आलं तर माणूस ऐकणारच ना.

तो आला तो गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग, "फ्री वॉटर टेस्टिंग चाललंय दादा, फक्त दोन मिनिटं". रॉडवाला प्रयोग तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेलच. दोन ग्लास, एकात आपलं पाणी, एकात त्याचं "शुद्ध" पाणी, दोन्हीत रॉड सोडून करंट दिला की आपल्या पाण्याचा चिखल होतो आणि त्याचं तसंच राहतं. तो चिखल पाण्यातला नसतो हो, रॉडचं लोखंडच विरघळून गंज बनून खाली येतं! त्याच्या पाण्यात क्षारच नसल्यामुळे करंट नीट वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं, त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत रॉड सोडायला सांगा, तेही काळं-तपकिरी होतं. पण आमच्या पाण्यात खरोखरच लोखंड आहे, त्यामुळे तो चिखल बघून आईला वाटलं हेच आपण रोज पितोय. काकू काकू करत त्याने तिला सांधेदुखीपासून केस गळण्यापर्यंत सगळं या पाण्यामुळेच असं पटवलं.

पॅकेज असं. "आयर्न रिमूव्हर कम सॉफ्टनर" 46,000, पाइपला बाहेरून लावायचं मॅग्नेट 9,500, आणि प्रेशर पंप 13,000. एकूण 68,500. पक्क्या बिलाला टॅक्स वेगळा लागेल म्हणाला म्हणून साध्या कागदावर पावती घेतली, तिच्यावर ना पत्ता ना नोंदणी क्रमांक.

आता ज्या क्षणाचा मला अजून रात्री संताप येतो तो सांगतो. फिटिंग झाल्यावर मी स्वतः विचारलं की यात मीठ कुठे घालायचं? मला एवढं माहीत होतं की सॉफ्टनरला मीठ लागतं. सॉफ्टनरमधलं रेझिन (बारीक दाणे असतात) पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजेच कडकपणा, धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, ते भरलं की मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, त्याशिवाय ते परत कामाला येत नाही. तो शांतपणे म्हणाला "सर ही नवीन टेक्नॉलॉजी आहे, मीठ लागत नाही, मेंटेनन्स झिरो". आणि लगेच आत जाऊन एक ग्लास पाणी घेऊन आला, त्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं) बुडवलं, आधी 910 होतं ते 140 दाखवलं, आणि माझा प्रश्न तिथेच विरून गेला. अरे, सॉफ्टनरने टीडीएस कमी होतच नाही! एक क्षार जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, मीटरवर आकडा जवळपास तोच राहायला पाहिजे. 140 आलं याचा अर्थ ते पाणी आमच्या नळाचं नव्हतंच, बॅगेतल्या बाटलीतलं होतं. ग्लास माझ्यासमोर भरला नाही. हा एक मुद्दा मी पकडला असता तर 28,500 तरी वाचले असते. पण त्याच वेळी वरून पंपवाला मुलगा चालू करू का म्हणून ओरडत होता, आई बोलावत होती, मीटरवर आकडा डोळ्यांना दिसत होता, अशा वेळी कोण माणूस ग्लास कुठून भरला विचारतो? शिकलेली माणसं फसतात ती अशीच.

टीडीएस मीटर फक्त पाण्यात एकूण क्षार किती याचा अंदाज देतं, लोखंड किती आणि कडकपणा किती हे त्यावरून कळत नाही. त्यावर विश्वास ठेवून खरेदी करू नका.

थोड्या दिवसांत डाग परत सुरू, आणि धार तर आधीपेक्षा बारीक. फोन केला तर म्हणे रेझिन खराब झालं, तुमच्या पाण्यात लोखंड फार आहे. अरे मग लोखंड काढायलाच तर मशीन लावलं होतं! नवीन रेझिनचे 14,200 सांगितले, 5,000 आधी पाठवा म्हणाला, आई रोज कटकट करत होती म्हणून पाठवले, त्यानंतर फोन उचलणं बंद.

मग पाणी लॅबमध्ये दिलं, जे आधी व्हायला पाहिजे होतं, आणि तुम्ही तरी कोणालाही दारात उभं करायच्या आधी द्या. मशीनच्या आधीचं पाणी: लोखंड लिटरला 3.8 मिलिग्रॅम, कडकपणा 540, पीएच 6.6 (7 च्या खाली म्हणजे पाणी थोडं आम्लधर्मी). मशीनच्या नंतरचं: लोखंड 3.1, कडकपणा 530. म्हणजे काहीच नाही. ओळखीच्या मेकॅनिकने मशीनची टाकी उघडली तर आत वाळू आणि कोळसा, रेझिन नावाला मूठभर. पाण्यात विरघळलेलं लोखंड वाळूत अडकत नाही, आधी त्याला हवा लागून त्याचा गंज व्हावा लागतो, मग तो गाळता येतो, आणि पीएच 7 च्या खाली असेल तर त्याला वेळ लागतो. म्हणून आधी हवा देणं, मग लोखंडाचा फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टनर. लोखंडाचं पाणी थेट रेझिनवर सोडलं तर चांगलं रेझिनसुद्धा बाद होतं. मॅग्नेटचे 9,500 तर पूर्ण पाण्यात, कडकपणाच्या आकड्यात त्याने फरक पडत नाही.

आणि प्रेशरचं दुखणं वेगळंच निघालं. जुने लोखंडी पाइप आतून गंजाने आणि क्षाराने इतके भरलेत की अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईना. हे तपासायला पैसे लागत नाहीत, टाकीच्या खालच्या आउटलेटला बादली किती वेळात भरते आणि शेवटच्या नळाला किती वेळात भरते ते मोजा, टाकीपाशी जोरात आणि नळाला रडत असेल तर पाइप बदला, पंप घेऊ नका. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तेव्हा कुठे साधारण 1 बार प्रेशर मिळतं, घरावरची टाकी 3 मीटरवर म्हणजे 0.3, त्यात फिल्टर घातला की उरतं काय? शिवाय लोखंडाच्या फिल्टरला बॅकवॉशला (उलटं पाणी सोडून आतला गाळ धुवायला) चांगला जोर लागतो, तो नसेल तर फिल्टर स्वतःच चोक होतो. त्यामुळे आधी पाइप आणि प्रेशर, मगच ट्रीटमेंट. त्याने बरोबर उलटं केलं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले वस्तू दिली ना त्याने, मग फसवणूक कशी, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. वाळू भरलेली टाकी ही वस्तू? सायबरवाले म्हणाले माणूस घरी आला होता, मग हे ऑनलाइन नाही, पोलिसांकडे जा. बँकेने सांगितलं पिन तुम्हीच टाकला, पैसे तुमच्या मर्जीने गेले, आमचा संबंध नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर दिला, आणि नंतर मेसेज आला की विक्रेत्याचा पत्ता उपलब्ध नसल्याने तक्रार बंद. अरे पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो! त्याचा मोबाइल नंबर चालू आहे, ज्या खात्यात पैसे गेले ते खातं चालू आहे, खातं काढताना बँकेने त्याची कागदपत्रं घेतली असणारच ना? मग पत्ता मी शोधायचा? प्रत्येक टेबलावर तेच कागद, तीच कहाणी, आणि समोरचा माणूस आपल्याकडे असा बघतो की लाज आपल्यालाच वाटावी. लाज वाटून गप्प बसलेले अजून कितीतरी असतील म्हणूनच हे लोक बिनधास्त फिरतात.

मी ग्राहक आयोगात स्वतःच अर्ज टाकलाय, त्यासाठी पावतीवरचा मोबाइल नंबर, पैसे पाठवल्याचा पुरावा आणि लॅबचे दोन्ही रिपोर्ट जोडलेत. तुमच्याकडे असं मशीन लागलेलं असेल आणि संशय असेल तर टाकी उघडायच्या आधी व्हिडिओ चालू करा, सील, मॉडेल, आतला माल, सगळं एकाच शॉटमध्ये घ्या, आणि शेजारचं कोणीतरी साक्षीला उभं करा. आमच्याकडे ते झालं नाही, आणि शेवटचा एकदा फोन लागला तेव्हा तो मला तोंडावर म्हणाला की वाळू तुमच्या मेकॅनिकने भरली.