युनिट विचारलं तर म्हणाला, ‘सदर्न कमांड’

२४ वर्षं फौजेत नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचा माणूस, त्यामुळे घरही दिघीतच घेतलेलं. पेन्शन सुरू झाली, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतात, त्याचे) पैसे खात्यात आले. तरी सकाळी ५ ला जाग यायची आणि करायला काही नसायचं. बायको म्हणायची, “अहो, जरा बसा की!” बसायचं कसं, तेच कुणी शिकवलं नव्हतं.

त्यात एका ओळखीच्याने विश्रांतवाडीतल्या एका सिक्युरिटी एजन्सीचा नंबर दिला. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. टेबलावर तिरंगा, भिंतीवर तलवारींचं चिन्ह. मालक उठून उभा राहिला आणि कडक आवाजात “जय हिंद, उस्ताद!” म्हणाला. तिथंच मी अर्धा गार झालो. आपण रिटायर्ड सुभेदार मेजर, म्हणजे माझ्याहून वरच्या हुद्द्याचे, असं त्याने सांगितलं. मी युनिट विचारलं, तर म्हणाला, “सदर्न कमांड.” आता कमांड म्हणजे काही युनिट नव्हे, एका कमांडखाली कितीतरी युनिटं असतात, हे रिक्रूटलाही कळतं. मलाही कळलं होतं. पण समोरचा ‘साहेब’ म्हटल्यावर उलटा प्रश्न विचारायची सवयच नाही ना! मुकाट “जी साहेब” म्हणालो.

हिंजवडीच्या आयटी कंपनीत सुपरवायझर, पगार ३२,०००. एजन्सी ‘डीजीआर पॅनेल’वर, म्हणजे माजी सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीवर आहे म्हणून ६०,००० डिपॉझिट, वर युनिफॉर्मचे ६,५००. डिपॉझिट वर्षाने परत. पावती साध्या कागदावर, गोल शिक्का मारून. आम्ही १२ जण होतो, सगळे फौजीच. ३ दिवस एका हॉलमध्ये ट्रेनिंग झालं. आम्हाला सावधान-विश्राम शिकवत होते. हसूही आलं नाही तेव्हा.

मग जॉइनिंग ‘पुढच्या सोमवारी’. असे ४ सोमवार गेले. पाचव्याला फोन बंद, ऑफिसला कुलूप.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधीच गेलो असतो तर? तिथं नोकरीसाठी नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. डीजीआरही जवानाकडून डिपॉझिट घेत नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याप्रमाणे एजन्सीला राज्याचा परवाना लागतो आणि तो ऑफिसात दिसेल असा लावावा लागतो. आमच्या ‘साहेबा’च्या भिंतीवर तलवारी होत्या, परवाना नव्हता. मी तलवारी बघत बसलो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. १२ पैकी आम्ही तिघेच गेलो. बाकीच्यांना लाज वाटते. मलाही वाटली. बायकोला महिनाभर सांगितलं नव्हतं. तुमचं असं झालं असेल तर पावती, बँकेची एन्ट्री, व्हॉट्सॲपचे मेसेज काहीही पुसू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी रोख दिले होते, त्याचा कागद एवढाच, तो शिक्केवाला.

युनिफॉर्मचे २ जोड मात्र मिळाले. बायकोने ब्लेड घेऊन बिल्ले उसवले, शर्ट गावाकडे धाकट्या भावाला दिले. तो ते घालून उसाला पाणी पाजतो.